मामा तलावातली जेटी: सोळा पाइलांचं प्रकरण

पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर पट्ट्यात सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलीत ते ‘मामा तलाव’. बहुतेक कोहळी समाजाने बांधलेले, मातीच्या पाळीचे (बांधाचे), धानाला पाणी देणारे. त्यातल्याच एका तलावावर ढीवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला जेटी हवी होती. सकाळी मासळी उतरवायला आणि दिवाळीनंतर पेडल बोटी चालवायला. तलाव साधारण ६० हेक्टरांचा. मागणी साधी होती: १८ मीटर लांब, २.४ मीटर रुंद चालण्याची वाट आणि टोकाला बोटी लागतील अशी जागा.

गावाच्या डोक्यातली जागा पाळीवरची होती, कारण रस्ता पाळीवरून जातो. ही जागा पहिल्याच दिवशी रद्द झाली. मातीच्या पाळीत किंवा पाळीच्या पायथ्याशी पाइल (जमिनीत ठोकायचा खांब) ठोकला की तो आणि माती यांच्यामध्ये बारीक फट राहते. तलाव भरला की पाणी त्या फटीतून वाट काढतं, मातीचे कण सोबत घेऊन जातं, आणि आज करंगळीएवढी असलेली वाट दोन पावसाळ्यांत हातभर होते. हॅमरच्या दणक्यांनी जुन्या पाळीला तडे जाण्याची भीती वेगळीच. तुडुमापाशी (पाणी सोडायच्या दाराशी) आणि सांडव्यापाशीही पाइल नकोच. तिथे पाण्याला ओढ असते, पाइलाभोवतीची माती खरवडली जाते. जेटी पाळीपासून १४० मीटर दूर, नैसर्गिक काठावर सरकली. पोहोचरस्त्याचा खर्च वाढला, पण या मुद्द्यावर घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं.

काठ बदलल्यावर सातबारा पुन्हा बघावा लागला. विदर्भात तलावाकाठची जमीन कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली निघते, मग डोळ्यांना तिथे एक झुडूप दिसो वा न दिसो, आणि तसं असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय खड्डाही घेता येत नाही. इथे सुदैवाने गावठाणाचा तुकडा होता. सिंचनक्षेत्र १०० हेक्टरांच्या आतलं, म्हणून तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे; लेखी परवानगी तिथून घेतली. मासेमारीचा ठेका संस्थेकडे आहे म्हणजे बांधकामाचा हक्कही आला, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं.

आधीच्या दोन जेट्या का पडल्या

त्याच काठावर यापूर्वी दोन प्रयत्न झाले होते. त्यांचे अवशेष नीट पाहिले तेव्हा निम्मं डिझाइन तिथेच मिळालं.

पहिली जेटी साजाच्या (ऐनाच्या) बल्ल्यांची. सहा वर्षांत बसली. उपसलेली बल्ली आडवी टाकली तर तिचे तीन भाग सरळ दिसत होते. गाळात रुतलेला खालचा भाग काळा पडलेला, पण कुऱ्हाडीचा घाव परत फेकणारा, अगदी टणक. वरचा हातभर भाग उन्हाने चिरलेला, तरी कामाचा. आणि मधला, साधारण सव्वा मीटरचा पट्टा बोटाने खरवडला तरी भुसा पडावा असा. कारण उघड आहे. गाळात हवा पोहोचत नाही, म्हणून कुजवणारी बुरशी जगत नाही. कायम कोरड्या लाकडातही ती वाढत नाही. मधला पट्टा मात्र दर वर्षी चार-पाच महिने पाण्यात आणि उरलेले उन्हात. बुरशीला हवं ते सगळं तिथे मिळतं. त्यातून मे महिन्यात तलाव आटला की वाळवी तळातून बल्लीवर चढते. बारमाही भरलेल्या तलावात लाकडी पाइलाला ही वाळवी लागत नाही. मामा तलावात ती हिशेबात धरावीच लागते.

दुसरी जेटी सिमेंट काँक्रीटच्या चबुतऱ्यांवर होती. मे महिन्यात तळ कोरडा, भेगाळलेला, पायाखाली दगडासारखा. अर्धा मीटर खणून त्यावर चबुतरे ओतले, वर लोखंडी खांब. पहिल्याच पावसाळ्यात चबुतरे खचले, दुसऱ्यात एका बाजूला झुकले. कोरड्या गाळाचा तो कडकपणा उसना असतो. पाणी उडून गेल्याने कण एकमेकांना ओढून धरतात, एवढंच. पाणी परत आलं की ती ओढ संपते आणि खाली उरतो लोणी-गाळ. कोरड्या तलावाच्या तळावर जमिनीची ताकद जोखायची तर भेगाळलेल्या थराखाली हात घालावा. तिथली माती बोटांत पिळली की कळतं.

तळाखाली काय आहे

मार्चअखेरीस चाचपणी झाली. २० मिमीची सळई टोक काढून, ५ किलोच्या घणाने ठोकत न्यायची आणि दर १० सेंमीला किती घाव लागले ते वहीत लिहायचं. जेटीच्या रेषेवर दर ३ मीटरला एक, अशी सात ठिकाणं. शिवाय तीन ठिकाणी १०० मिमीच्या हाताच्या ऑगरने (माती वर काढणाऱ्या गिरमिटाने) नमुने. सळई ताकद सांगते, माती दाखवत नाही. म्हणून दोन्ही हवंच.

सांडव्याची माथापातळी १००.०० मीटर धरली, बाकी पातळ्या तिच्यावरून. जुनी पूरखूण १००.४५ वर. जेटीच्या टोकाशी तळ ९७.६०, म्हणजे भरल्या तलावात २.४ मीटर पाणी. त्याखाली १.१ मीटर मऊ गाळ, मग ९६.५० पासून घट्ट पिवळी चिकणमाती आणि ९५.०० च्या आसपास मुरूम. काठाकडे येताना सगळे थर वर चढतात. काठापासून ३ मीटरवर गाळ जेमतेम वीतभर.

डिझाइन ठरवणारा आकडा मात्र दुसराच होता: पाण्याचा चढउतार. ऑक्टोबरात धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी तुडूम उघडलं की पातळी उतरू लागते, आणि मे महिन्यात टोकापाशीही तळ दिसतो. तीन मीटरांच्या चढउतारावर नुसती अचल जेटी बांधली तर जानेवारीत बोट वाटेच्या जवळपास दोन मीटर खाली असते आणि म्हातारा माणूस उतरू शकत नाही. नुसती तरंगती बांधली तर काठाशी ती चिखलात बसते. म्हणून दोन्हींचा मेळ: १८ मीटरची अचल वाट, तिच्या टोकाला बिजागरीवर ६ मीटरचा उतरता पूल आणि पुढे ४ बाय ३ मीटरचा तरंगता फलाट, चार मार्गदर्शक पाइलांमध्ये वरखाली सरकणारा.

कशाचे पाइल

लाकूड बाद झालं, कारण वर आलंच आहे. दाबाखाली रसायन मुरवलेलं लाकूड टिकतं. पण रसायन खरंच आतपर्यंत गेलं आहे की वरून ब्रश फिरवला आहे, हे गावात कोणी तपासणार नाही.

संस्थेचा आग्रह विजेच्या सिमेंट खांबांचा होता. ८ मीटरचे खांब जुने मिळतात, स्वस्त पडतात. अडचण त्यांच्या बनावटीत आहे. त्यांच्या आत ताणलेल्या तारा असतात. खांब कापला की तारा उघड्या पडतात आणि तिथून गंज आत शिरतो. भोक पाडलं तर तार तुटू शकते. छेद आयताकृती, म्हणून एका दिशेला मजबूत आणि दुसऱ्या दिशेला लुळा. हॅमर मारला की डोकं फुटतं. कुंपणाला ठीक.

जागेवर ओतलेले काँक्रीट पाइल हा शास्त्रशुद्ध पर्याय होता. पण १.१ मीटर गाळातून भोक उभं राहत नाही, केसिंग (भोक धरून ठेवणारं वेष्टण) लागतं. आणि केसिंगचा पाइप आणायचाच आहे तर तोच पाइल का नको?

म्हणून लोखंडी पाइप: १५० एनबी (आतल्या व्यासाचं नाममात्र माप, मिमीत), हेवी क्लास, बाहेरचा व्यास १६५.१ मिमी, जाडी ५.४ मिमी, मीटरला सुमारे २१.२ किलो. बाजारात लांबी ६ मीटर, म्हणजे एक पाइप १२७ किलो. सहा माणसं उचलून नेतात, क्रेन लागत नाही. लांबीचा हिशेबही जमला. टोकाच्या ओळीत पाइलाचं टोक ९४.९० वर गेलं तर डोकं १००.९० ला येतं. हॅमरने फुगलेलं वरचं २० सेंमी कापलं की १००.७० उरतं, त्यावर तुळया आणि फळ्या धरून चालण्याची पातळी १०१.०० च्या आसपास. पूरखुणेपासून अर्धा मीटर मोकळा, आणि पाण्याखाली एकही जोड नाही.

भार: दर ३ मीटरला दोन पाइलांची एक ओळ. गर्दीच्या जागेसाठी धरतात तो चौरस मीटरला ५०० किलो, अधिक स्वतःचं वजन, असा एका पाइलावर सुमारे २.१ टन. एवढ्यासाठी हा पाइप भरपूर आहे. खरी परीक्षा आडव्या धक्क्याची. गाळाचा आधार शून्य धरला तर टोकाचा पाइल जवळपास ४.८ मीटर मोकळा उभा असतो. अशा एकट्या पाइलाला माथ्यावर १०० किलोचा रेटा दिला तर तो सुमारे २ सेंमी हलतो. तुटत नाही, पण वर चालणाऱ्याला जेटी डुगडुगते असं वाटतं आणि तो परत येत नाही. तिरक्या पट्ट्यांनी हे थांबतं. इथे मच्छीमारांनी अट घातली आणि ती बरोबर होती: पाण्याखालच्या पट्टीत जाळं अडकतं. त्यामुळे ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलची कैची ९९.४० च्या वरच ठेवली. तिच्यामुळे मोकळी लांबी जवळपास ३.५ मीटरवर आली आणि डुगडुग निम्म्याहून कमी झाली.

शू, जस्त आणि एक धोका

पाइपच्या टोकाला चार पाकळ्या कापून, तापवून, आत वळवून वेल्ड केल्या. साधारण ६० अंशांचं टोक, म्हणजेच शू. फॅब्रिकेटरला दोनदा बजावलेली गोष्ट अशी: शू पाइपपेक्षा जाड नको, वेल्डचा गड्डाही घासून सपाट. शू १० मिमीनेही फुगीर असला तर तो पाइपपेक्षा मोठं भोक पाडत खाली जातो आणि वरचा पाइप त्या भोकात सैल उभा राहतो. चिकणमातीतली पाइलाची निम्मी ताकद पाइपला मातीने घट्ट धरण्यातून येते. ती अशी फुकट जाते.

मग गरम जस्ताचा मुलामा, सुमारे ८५ मायक्रॉन. टोक बंद असलेला पाइप जस्ताच्या हौदात बुडवला तर आत अडकलेला ओलावा क्षणात वाफ होतो आणि वितळलेलं जस्त उडतं, माणसं भाजतात. शूच्या लगेच वर समोरासमोर १२ मिमीची दोन भोकं ठेवून पाठवायचं, मुलामा झाल्यावर ती वेल्डने बुजवायची आणि तिथे जस्तयुक्त रंग. कारखाना भोकं नसलेला माल परत पाठवतो, पाठवायलाच हवा.

ठोकणी

वेळ मे महिन्याचा दुसरा आठवडा. तळ कोरडा, म्हणजे तराफा, बार्ज काही नको. तलाव दर वर्षी आटतो हे दुखणं इथे कामी आलं. शिवाय गोंदियाकडच्या तलावांकाठी सारस पावसाळ्यात घरटी करतात. त्याआधी आवाजाचं काम उरकलेलं बरं.

कोरडा तळ म्हणजे रस्ता नव्हे, हे जेसीबीवाल्याने पहिल्या सकाळी सिद्ध केलं. काठापासून आठ मीटरवर मागचं चाक अक्षापर्यंत गेलं. त्यानंतर यंत्र काठावरच उभं राहिलं. सामान नेण्यासाठी धानाची तणस वीतभर पसरून त्यावर बांबूचे ताटवे टाकले, तेवढ्यावर माणसं आणि हातगाडा आरामात चालतात.

ठोकणीला माती-तपासणीची बोअरिंग तिपाई भाड्याने घेतली: सुमारे ९ मीटर उंच, डिझेल विंच. हॅमर ३०० किलोचा, म्हणजे पाइलाच्या दुपटीहून जड. हलका हॅमर उंचावरून टाकण्यापेक्षा जड हॅमर बेताने टाकलेला चांगला. हलका हॅमर पाइपचं डोकं चेपतो, टोक हलत नाही. पडण्याची उंची १.२ मीटर. डोक्यावर लोखंडी टोपी आणि तिच्यात बाभळीचा ठोकळा. ठोकळा जळका वास द्यायला लागला की बदलायचा, साधारण दर तिसऱ्या पाइलाला.

प्रत्येक पाइलाची जागा आधी ऑगरने गाळापुरती मोकळी केली, त्यामुळे पाइप उभा करताना स्वतःच गाळाच्या खोलीएवढा खाली बसतो आणि तिपाईखाली मावतो. चॅनेलची (पन्हळीच्या आकाराच्या लोखंडी तुळयांची) चौकट जमिनीवर खुंट्यांनी पक्की करून पाइप तिच्यातून. ओळंबा एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी, पहिल्या मीटरभर ठोकणीत दर पाच ठोक्यांना. पाइल पहिल्या मीटरात सरळ गेला तर पुढे सरळ जातो. दोन मीटर गेल्यावर तिरका झालेला पाइल दोरखंडाने ओढून सरळ करणं म्हणजे मातीत फट पाडणं.

वहीतला एक साधा पाइल, तिसऱ्या ओळीतला, असा दिसतो: चिकणमातीत दर २५ सेंमीला ५, ६, ६, ७ ठोके. मग १४. मग ३२. शेवटच्या १० ठोक्यांत एकूण २० मिमी. थांबण्याचा निकष आधीच लिहून ठेवला होता: १० ठोक्यांत २५ मिमीपेक्षा कमी, आणि गाळाखाली किमान दीड मीटर. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. हॅमरचं वजन आणि उंची यांवरून ताकद काढायच्या जुन्या सूत्राने या सेटला (शेवटच्या ठोक्यांत पाइल जेवढा उतरतो तो सेट) पाइलामागे २.१ ते २.२ टन सुरक्षित भार येतो, हवा तेवढाच. पण त्या सूत्रावर एकट्यावर विसंबून राहू नये. ते चिकणमातीत कधी कमी सांगतं, कधी जास्त. म्हणून पुढे भारचाचणी.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाइलाला पुन्हा १० ठोके दिले. चिकणमातीत रात्रभरात पाइल घट्ट धरला जातो, तेव्हा सेट कमी यायला हवा. आदल्या दिवसापेक्षा जास्त आला तर काहीतरी चुकलं आहे.

सातवा पाइल

चौथ्या ओळीतला सातवा पाइल ९६.३० ला थांबला. अपेक्षेपेक्षा १.३ मीटर वर. चार ठोक्यांत काहीच उतरला नाही, हॅमर टोपीवरून उडाल्यासारखा वाटला आणि आवाज बदलला: मातीत ठोकताना येतो तो ‘धप’ नव्हे, आखूड, कोरडा ‘टक’. विंचवर बसलेल्या माणसाने हॅमर धरून ठेवला आणि म्हणाला, “खोड लागलं जी, भाऊ.”

अशा वेळी दोन चुका सर्रास होतात. एक, सेट शून्य आला म्हणजे पाइल पक्का बसला असं समजून वरून कापून टाकणं. तो पाइल मुरुमावर नव्हे, लाकडावर टेकलेला असतो. दुसरी, ठोकत राहणं. शू वाकतो, पाइप तिरका होतो आणि काढताही येत नाही. इथे सळईने भोवती दर ३० सेंमीला टोचून पाहिलं. तलाव बांधताना न काढलेल्या मोठ्या झाडाचा बुंधा, सुमारे ८० सेंमी रुंद. ३ टनी चेन पुलीने पाइल उपसला. चिकणमातीत तो वीतभरच गेला होता म्हणून सहज निघाला. अख्खी चौथी ओळ ३५ सेंमी काठाकडे सरकवली. एकच पाइल सरकवला असता तर तुळई तिरकी बसली असती. पुढचा गाळा (दोन ओळींमधलं अंतर) ३.३५ मीटरचा झाला, आणि लांबीच्या दिशेच्या १२५ मिमी चॅनेलला तो सहज पेलतो हे सरकवण्याआधी तपासलं.

शेवटच्या ओळीत उलट झालं. अकरावा आणि बारावा पाइल थांबेचनात. ठरल्या पातळीपेक्षा ६० सेंमी खाली गेल्यावर सेट मिळाला. ऑगर पुन्हा घातल्यावर कळलं की मार्चमध्ये सळई जिथे थांबली तो मुरूम नव्हताच. चुनखडीच्या खड्यांचा वीतभर जाड थर होता आणि त्याखाली पुन्हा चिकणमाती. जुन्या नाल्याचं पात्र तिथून जात असावं. सळईच्या चाचपणीची ही मर्यादा आहे: ती पहिल्या कडक थराला शेवटचा थर म्हणते. प्रत्येक ओळीत निदान एका ठिकाणी ऑगर त्या थरातून आरपार घालून पाहिला असता तर दोन पाइप साडेसहा-पावणेसात मीटरचे आधीच तयार ठेवता आले असते. काठाकडच्या पहिल्या ओळीतून जवळपास अडीच मीटरचे दोन तुकडे कापून उरले होते. त्यातून ५५ सेंमीचे तुकडे घेऊन, आत ३०० मिमीची बाही घालून, वरून पूर्ण वेल्ड केला. जोड १००.१५ वर, वाऱ्याच्या लाटा लागतात त्या जागी. म्हणून घासून तीन हात जस्तयुक्त रंग.

चार मार्गदर्शक पाइल ७ मीटरचे लागतात, कारण फलाट पुरात वर चढला तरी त्याची पाइलाभोवतीची कडी पाइलावरून निसटता कामा नये. माथा १०१.५०. तेही ६ मीटर ठोकून वर मीटरभराचे तुकडे जोडून केले. उरलेले तुकडे तिथे संपले.

ठोकणी सात दिवस चालली, पहाटे साडेपाच ते साडेदहा. त्यानंतर पाइपला हात लावता येत नाही.

काँक्रीट आणि भारचाचणी

पाइपच्या आत आरशाने ऊन पाडून पाहिलं. तळाशी पाणी दिसलं त्या दोन पाइपांतलं चिंधीने टिपलं. मग १० मिमी खडीचं एम-२० काँक्रीट, नरसाळ्यातून, बाहेरून लाकडी मोगरीने ठोकत. ताकदीसाठी त्याची गरज नव्हती. आतून गंज धरू नये आणि बोटीच्या धडकेने पाइप चेपू नये म्हणून ते भरलं. तपासणी सोपी आहे: पूर्ण लांबीच्या पाइपला ०.११ घनमीटर माल लागतो, म्हणजे १२ लिटरची नऊ घमेली. पाचवा पाइल सहा घमेल्यांत ‘भरला’. मध्ये खडी अडकून पोकळी झाली होती. सळई घालून ती फोडली, मग उरलेली तीन घमेली बरोबर गेली.

भारचाचणीला मुद्दाम अकराव्या-बाराव्या पाइलांची जोडी निवडली, कारण संशय तिच्यावर होता. एकट्या पाइलावर पोती रचणं धोक्याचं. म्हणून दोन्ही पाइलांवर तुळई ठेवून, तिच्यावर फळ्या आणि मातीने भरलेली ४० किलोची १६० पोती. ६.४ टन, म्हणजे ठरल्या भाराच्या दीडपट. खाली लाकडी ठोकळ्यांची चळत, ५ सेंमी अंतर सोडून, कोसळलंच तर झेलायला. चोवीस तासांनी दोन्ही पाइल ४ मिमी बसलेले. पोती उतरवल्यावर ३ मिमी परत वर. १२ मिमीच्या मर्यादेपासून बरंच दूर.

वरच्या कामाबद्दल थोडक्यात: पाइलांच्या ओळीवर १०० च्या चॅनेलची जोडी, लांबीला १२५ चे तीन चॅनेल, फळ्या ४० मिमी, दोन फळ्यांत ८ मिमी फट. सगळं बोल्टने, कारण एखादी तुळई बदलायची वेळ आली तर जस्त जाळायला नको.

फलाट ५० बाय ५० बाय ४० सेंमीच्या प्लास्टिक ठोकळ्यांचा, ४८ ठोकळे. चौरस मीटरला साधारण ३५० किलो पेलतो, म्हणजे एकूण चार टनांच्या वर. कडी पाइपभोवती २४० मिमी व्यासाची, आत नायलॉनचे रोलर. सैल वाटते, पण तशीच हवी. मार्गदर्शक पाइलांमधलं अंतर तळाशी आणि माथ्याशी मोजलं तेव्हा एका जोडीत ३० मिमीचा फरक होता. कडी घट्ट असती तर फलाट मध्यावर अडकून एका कुशीवर कलला असता.

पहिलं वर्ष

सप्टेंबरात पाणी सांडव्यावरून ३० सेंमी गेलं. पाइलांना काही झालं नाही. ऑक्टोबरात पश्चिमेच्या वाऱ्याने जलकुंभीची चटई जेटीवर येऊन बसली, दोन दिवसांत वीस मीटर लांब. ती एखाद्या शिडासारखी वाऱ्याचा रेटा पाइलांवर टाकते, आणि तिच्या मुळ्या कडीत शिरल्याने वायव्येचा रोलर अडकला. आता दर आठवड्याला कडी मोकळी करतात आणि चटई आली की डोंग्याने ओढून काठावर टाकतात.

जानेवारीत पाणी ९८.७० च्या खाली गेलं की उतरता पूल तीनास एक इतका उभा होतो. तिथून पुढे पर्यटकांसाठी जेटी बंद, हे फळ्यावर लिहिलं आहे. मच्छीमार त्यानंतरही महिनाभर वापरतात. मे महिन्यात फलाट तळावर बसला तेव्हा एक कोपरा खड्ड्यात गेला आणि दोन ठोकळ्यांचे जोडकान तुटले. मुरुमाची पोती अंथरून तिथे सपाट ओटा केला.

उरलेली चिंता गाळाची. शासनाच्या गाळमुक्त धरण योजनेतून या तलावाचा गाळ पुढे-मागे निघेलच, आणि शेतकऱ्यांना तो हवाही आहे. पाइलांना गाळ निघाल्याने काही होत नाही. हिशेबात तो धरलाच नव्हता. पण पोकलेनवाला गाळ कुठे संपतो हे बघत थांबत नाही, तो खालची पिवळी मातीही बादलीभर उचलतो, आणि पाइल उभे आहेत ते त्या मातीत. म्हणून बाराव्या पाइलावर, तळाच्या सध्याच्या रेषेला, लाल पट्टा मारला आहे. त्याशेजारी पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे: ‘या रेषेखाली एक मीटरच. जेटीच्या दोन्ही बाजूंना पाच मीटर यंत्र आणू नये.’